भिंतीवरचा काळा पट्टा

पत्र (संक्षिप्त करून): ताई, आमचा कोथरूडमधला फ्लॅट 1987 सालच्या इमारतीत आहे. गुढीपाडव्यानंतर आम्ही घराचे काम काढले. जुनी मोझॅक फर्शी निघाली, चकचकीत व्हिट्रिफाइड आली, दोन्ही बाथरूम आणि वायरिंग नवे झाले, आणि नोकरी सांभाळून या सगळ्याच्या मागे मी एकटीच लागले. राहिली आहे ती बोळ आणि स्वयंपाकघर यांच्यामधली साडेचार इंची भिंत. ती पाडून स्वयंपाकघर मोकळे करायचे असे दोघांचे ठरले होते. पण यांचे काही ना काही निघतेच. आधी सोसायटीची परवानगी, मग पावसाळा, मग पितृपक्ष, आता म्हणतात दिवाळीनंतर बघू. घरात दोन कुत्रे आहेत. बंड्या दोन वर्षांचा आहे आणि त्याने नवी चौकट कुरतडली. ठमी चौदा वर्षांची, यांची लग्नाआधीपासूनची, मोतीबिंदूने आंधळी झालेली. ती रात्री नव्या फर्शीवर घाण करते आणि तीन वाजता उठून पुसायचे मी. त्या भिंतीवर तिच्या अंगाचा तेलकट काळा पट्टा पडला आहे, तरी रंगारी आला तेव्हा यांनी “पाडायचीच आहे तर रंग कशाला” म्हणून ती भिंत सोडायला लावली. येत्या गुरुवारी हे कामासाठी नागपूरला जाणार आहेत. त्या दिवशी गवंडी बोलावून मोकळी होऊ का? आणि निर्णयच न घेणाऱ्या माणसाबरोबर पुढची वर्षे कशी काढायची?

उत्तर:

नाही. गुरुवारी गवंडी बोलवायचा नाही, आणि शुक्रवारीही नाही.

धूळ, राडारोडा आणि कंत्राटदाराचे बहाणे यांवर तुम्ही दोन पाने भरून लिहिले आहे. या शहरात राहत्या घराचे काम काढलेल्या प्रत्येकाने ते भोगले आहे, त्यामुळे त्यावर मी काहीही लिहिणार नाही. मला बोलायचे आहे ते तुम्ही रंगाऱ्याच्या तक्रारीत जाता जाता लिहिलेल्या त्या काळ्या पट्ट्याबद्दल. पत्रात तो डाग म्हणून आला आहे. तो डाग कसा पडला, हे तुम्ही स्वतःच लिहिले आहे, आणि तरीही ते तुमच्या लक्षात आलेले नाही, याचे मला आश्चर्य वाटते आणि थोडा रागही येतो.

आंधळे झालेले कुत्रे घर वासाने, स्पर्शाने आणि आठवणीने ओळखते. म्हणूनच अशा कुत्र्याच्या घरात सामानाची जागा बदलू नये, पाण्याचे भांडे हलवू नये, असे जनावरांचे डॉक्टर सांगतात. ठमी हॉलमधून निघते, बोळाच्या तोंडाशी भिंत अंगाला लागली की तिला टेकते आणि तशीच अंग घासत मागच्या बाल्कनीतल्या आपल्या अंथरुणापर्यंत पोहोचते. कुत्र्याच्या केसांत नैसर्गिक तेल असते. रोज त्याच उंचीवर, त्याच रेषेत अंग घासले गेले की ते भिंतीला लागते आणि त्यावर धूळ बसून पट्टा काळा होतो. आज रात्री सगळे निजल्यावर बोळात दिवा लावून खाली बसा आणि तो पट्टा नीट पाहा. मधे स्वयंपाकघराच्या दाराशी तो तुटला असेल आणि चौकटीच्या पलीकडे पुन्हा सुरू झाला असेल. तेवढे पाऊलभर अंतर ती आधाराशिवाय, निव्वळ सवयीने ओलांडते. तुम्ही भिंत पाडलीत, तर तिला असे पाऊलभर नव्हे, अख्खे स्वयंपाकघरभर अंतर ओलांडावे लागेल.

जुनी मोझॅक तुम्ही काढलीच आहे. तिच्यावर पाय तरी ठरत होता. चकचकीत व्हिट्रिफाइडवर म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय फाकतात, नखांना पकड मिळत नाही, आणि दोनचार वेळा आपटल्यावर ते चालायचेच टाळते. फर्शी बदलली, फर्शीचा वास बदलला, सहा महिने घरात परकी माणसे आणि कटरचा आवाज, आणि तो आवाज कुठून येतो हे दिसायची सोय नाही. या सगळ्यात तिच्या ओळखीची एकच गोष्ट शिल्लक आहे, आणि ती तुम्ही यजमान गावाला गेल्याचे निमित्त साधून पाडणार आहात.

आता तुमच्या यजमानांकडे वळते. निर्णय न घेणारा माणूस म्हणून तुम्ही त्यांचे चित्र रंगवले आहे, पण तुमच्याच पत्राप्रमाणे दोन्ही बाथरूमच्या फरशा त्यांनी एका दुपारी पसंत केल्या आणि वायरिंगचा आराखडा एका बैठकीत मंजूर केला. अडले ते फक्त या भिंतीपाशी. सोसायटीचे लेखी परवानगीपत्र मेमध्येच हातात आले होते आणि भिंतीवर इमारतीचा भार नसल्याचे इंजिनिअरने लिहून दिले होते, असेही तुम्ही म्हणता. मग पाऊस आडवा आला. घरातली आतली भिंत पाडायला पाऊस कसा आडवा येतो, हे तुम्ही त्यांना विचारले नाहीत. त्यानंतर पितृपक्ष निघाला. ज्या गृहस्थाने पाडव्यानंतर काम काढताना पंचांग उघडले नव्हते, त्याला भाद्रपदात एकाएकी पितर आठवले, तेव्हाच तुम्हाला शंका यायला हवी होती. आणि रंगाऱ्याला भिंत सोडायला लावताना दिलेले कारण तर इतके चोख होते की तुम्हीही फसलात. पाडायची म्हणून त्यांनी ती भिंत सोडायला लावली, हे मला पटत नाही. नव्या रंगाच्या वासाने ठमी तिच्यापासून दूर राहिली असती, म्हणून सोडायला लावली.

ते ठमी जाण्याची वाट पाहत आहेत. ती असेपर्यंत त्यांच्याने ती भिंत पाडवणार नाही, आणि तसे उघड म्हणायचे तर “ती असेपर्यंत” हे शब्द तोंडातून काढावे लागतात. चौदा वर्षांच्या कुत्रीबद्दल ते काढवत नाहीत म्हणून बिचारे कधी सोसायटीचे नाव घेतात, कधी पितरांचे. हा भित्रेपणा आहे, मान्य. पण त्यांनी मला पत्र लिहिलेले नाही, तुम्ही लिहिले आहे. म्हणून पहिले वाक्य तुम्हाला बोलावे लागेल.

आज जेवणे झाल्यावर, दूरदर्शन संच बंद करून, एवढेच म्हणा: “ठमी आहे तोवर भिंत राहू दे.” पुढे काही जोडू नका. ते कदाचित चिडतील, कदाचित बंड्याला घेऊन भलत्या वेळी फिरायला निघून जातील. जाऊ द्या. परत आल्यावर दुसरी गोष्ट सांगा, आणि ती तितक्याच ठामपणे: रात्री तीनची फर्शी आजपासून त्यांनी पुसायची. कुत्री त्यांची लग्नाआधीपासूनची, तिच्यासाठी भिंत राखणारे ते, आणि मध्यरात्री फडके घेऊन उठणाऱ्या तुम्ही, हा हिशेब मला मुळीच मान्य नाही. इतके महिने तुम्ही ते न बोलता केलेत, यावरून ठमी तुम्हालाही नकोशी नाही, असे मी समजते.

फर्शी पुसताना उग्र वासाचे फिनाइल मात्र बंद करा. ते पंजांना लागते, पंजे चाटताना पोटात जाते, आणि ज्या वासांवर ती वाट काढते ते सगळे वास त्याने दबतात. बोहरी आळीतून खालच्या बाजूला रबर असलेली लांब मॅट आणा आणि हॉलपासून बाल्कनीपर्यंत त्या भिंतीच्या कडेने अंथरा. नव्या फर्शीची शोभा जाईल, जाऊ दे.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती दिवाळीपर्यंत थांबण्यासारखी नाही. ठमी रात्री कोपऱ्यात तोंड करून उभी राहते आणि तिला तिथून मागे फिरता येत नाही, असे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिले आहे. त्यात अस्वच्छतेची भर पडली की म्हाताऱ्या कुत्र्यांना होणाऱ्या स्मृतिभ्रंशाची शंका घ्यावी लागते. तो बरा होत नाही, परंतु औषधाने आणि आहाराने रात्री सुसह्य होऊ शकतात. कदाचित मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा मूत्रपिंडाचा विकारही असेल. ते रक्त आणि लघवी तपासल्याशिवाय कळणार नाही. या शनिवारी, यजमान नागपूरहून परतल्यावर, दोघांनी मिळून तिला डॉक्टरांकडे न्या. एकट्याने नेऊ नका, कारण वयाबद्दल डॉक्टर जे सांगतील ते दोघांनीही एकाच वेळी ऐकलेले बरे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया कुत्र्यांतही होते, पण या वयात भूल सोसेल की नाही, हेही त्याच भेटीत विचारून घ्या.

राहिले स्वयंपाकघर. गवंड्याला आजच नाही म्हणून कळवा, म्हणजे तो गुरुवारचा दिवस दुसरीकडे देईल. सुताराने ट्रॉल्यांसाठी आगाऊ घेतलेली रक्कम तो परत करील असे मला वाटत नाही. त्या पैशांत बंड्याने कुरतडलेली चौकट बदलून घ्या, आणि या वेळी तिला खालून हातभर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी ठोकायला सांगा.