तिकीट बंद, तक्रार चालू

‘हल्ली कॉम्प्युटरसमोर बसले की मला काही आठवेनासे होते, ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात तर नसेल ना?’ समुपदेशनाच्या कामात पन्नाशीच्या आसपासच्या नोकरदारांकडून हा प्रश्न मला वरचेवर ऐकायला मिळतो. त्यांतील एका बाईंचा अनुभव, त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे मांडत आहे.

या बाई एका विमा कंपनीच्या कार्यालयात 26 वर्षे नोकरी करत होत्या. त्यांच्या आईला अखेरची सहा वर्षे स्मृतिभ्रंश होता आणि तिचे सगळे त्यांनीच केले होते. त्यामुळे ‘विसरणे’ हा शब्द त्यांच्या लेखी साधा उरला नव्हता. माझ्याकडे येण्यापूर्वी त्यांनी थायरॉइड आणि बी-12 तपासून घेतले होते व दोन्ही ठीक होते. तक्रार एवढीच होती की, कार्यालयातील त्यांचे अकाउंट दिवसातून दोन-तीनदा लॉक होई. हेल्पडेस्कला फोन केला की पलीकडचा मुलगा ते उघडून देई, कधी पासवर्ड रीसेट करी आणि फोन ठेवता ठेवता म्हणे, “मॅडम, कॅप्स लॉक बघत जा जरा.” दहा मिनिटांत तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, बंद झाल्याचा मेल येई. त्यांनी नोंदवलेली 19 तिकिटे अशी बंद झाली होती आणि प्रत्येकावर कारण एकच होते: वापरकर्त्याने चुकीचा पासवर्ड टाकला.

एकच गोष्ट 19 वेळा लेखी सांगितली गेली, तर माणूस ती खरी मानू लागतो. बाई पासवर्ड एकेक अक्षर पुटपुटत टाकू लागल्या, मग डायरीच्या शेवटच्या पानावर उलट्या क्रमाने लिहून ठेवू लागल्या, आणि शेवटी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज कसा करतात याची चौकशीही त्यांनी करून ठेवली.

पहिल्या दोन भेटींत मी त्यांना श्वासाचे व्यायाम शिकवले आणि झोपेच्या वेळा सुधारायला सांगितले. त्यांना बरे वाटले, अकाउंट मात्र लॉक होतच राहिले. खरे सांगायचे तर, मीही हेल्पडेस्कचेच काम करत होते. तिसऱ्या भेटीआधी मी त्यांना चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांकडे ‘मोका’ या स्मरण आणि आकलन तपासणाऱ्या चाचणीसाठी पाठवले. तिच्यात 30 पैकी 26 किंवा त्याहून अधिक गुण सर्वसाधारण मानले जातात आणि बाईंना 28 मिळाले. शिवाय स्मृतिभ्रंश एकाच यंत्रापुरता येत नाही. तो पैशांच्या हिशेबात, ओळखीच्या रस्त्यावर, रोजच्या स्वयंपाकातही दिसू लागतो आणि तसा दिसला तर विनाविलंब मेंदुविकारतज्ज्ञांकडे जावे. बाईंच्या घरी असे काहीही घडत नव्हते.

मग मी त्यांना एक वही करायला सांगितली: तारीख, वेळ आणि लॉक होण्यापूर्वी आपण काय करत होतो. पुढच्या भेटीत त्यांनी ती उघडून माझ्यापुढे सरकवली. ‘बुधवार, 1.40. डबा खायला गेले होते. परत आले तर लॉक.’ ‘सोमवार, 9.05. पहिलेच लॉगिन. आधीच लॉक.’ हात पोळीभाजीवर असताना त्यांचा पासवर्ड चुकवणारे दुसरे कोणीतरी होते.

संगणक जाळ्यांचे काम करणाऱ्या एका परिचितांनी मला सांगितले की, विंडोजच्या अशा व्यवस्थेत अकाउंट लॉक झाले की सर्व्हरच्या नोंदींत 4740 या क्रमांकाची नोंद होऊ शकते आणि चुकीचा पासवर्ड कोणत्या यंत्राकडून आला याचा माग तिथून काढता येतो. म्हणून आम्ही समुपदेशनाच्या खोलीत बसून एक मेल तयार केला. त्यात गाऱ्हाणे नव्हते. वहीतील वेळा होत्या आणि एकच विनंती होती: ‘मी जेवायला गेले असताना हा पासवर्ड कोणत्या यंत्रावरून टाकला गेला, ते कृपया कळवावे.’ उत्तर आले, ‘पासवर्ड रीसेट केला आहे, तपासून पाहा.’ बाईंनी तोच मेल, यावेळी विभागप्रमुखांना प्रत ठेवून, पुन्हा पाठवला. ही दुसरी पाठवणी त्यांना सर्वांत जड गेली.

त्यानंतर एक जुने इंजिनिअर नोंदी उघडून बसले. 4740 च्या नोंदीत मेल सर्व्हरचे नाव होते आणि त्यामागे जात जात ते एका मोबाइलपर्यंत पोचले. तो बाईंचाच जुना फोन होता. सासूबाईंना अभंग ऐकायला दिलेला, पण कार्यालयाचा मेल त्यातून काढायचा राहून गेलेला. नव्वद दिवसांच्या नियमाने पासवर्ड बदलला, तेव्हापासून तो फोन जुनाच पासवर्ड घेऊन दार ठोठावत होता. (ठरावीक मुदतीने सक्तीने पासवर्ड बदलायला लावू नयेत, असे अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने 2017 मध्येच सुचवले होते.) हेल्पडेस्कच्या मुलाला मी फारसा दोष देत नाही, किती तिकिटे किती मिनिटांत बंद केली यावर ज्याचे काम मोजले जाते, तो कारण शोधायला थांबणार कसा?

फोनमधले खाते काढायला दोन मिनिटे लागली. पासवर्ड पुटपुटण्याची सवय जायला पुढचे दोन महिने गेले. शेवटच्या भेटीत बाईंनी आणखी एका मेलचा मसुदा आणला होता: त्या 19 तिकिटांवरील ‘वापरकर्त्याची चूक’ ही नोंद दुरुस्त करावी, अशी त्यात मागणी होती. “पाठवू का?” असे त्यांनी विचारले, आणि मी उत्तर देण्याआधीच पाठवून दिला.