विजासन लेणीले पयल्यांदा जातंस तं

भाऊ, भद्रावतीच्या विजासन लेणीले उन्हाळ्यात जाशील तं सकाळीच पोचजो, मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा 45 च्या वर जाते अन् दुपारी टेकडीचा दगड असा तापते का पाय टेकवत नाही. रेल्वेनं येशील तं स्टेशन भांदक. टॉर्च नेजोच, मोबाईलचा उजेड पुरत नाही. मेन गुफा डोंगरात सरळ आत जाते, शेवटी बसलेले बुद्ध, पण डाव्या-उजव्या हाताले बी फाटे हायेत, तिथल्या मूर्ती पाह्यल्याशिवाय माघारी फिरू नोको, मी पयल्या खेपेले तसाच फिरलो, अजून जिवाले लागते. आत पाच मिनिटं टॉर्च बंद करून नुसता बसजो, लय शांत वाटते बावा.