हाडांचं सहा महिन्यांचं इंजेक्शन आम्ही बंद केलं, चुकलं का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या. तीन वर्षांपूर्वी मनगट मोडलं, डेक्सा स्कॅनमध्ये हाडं ठिसूळ निघाली, तेव्हापासून दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचं इंजेक्शन, अशी सहा झाली. सातवं मार्चमध्ये होतं पण रिपोर्ट सुधारला होता आणि दाढही काढायची होती म्हणून आम्हीच थांबवलं, आता मे उजाडला. शेजारच्या काकूंची आठवड्याची गोळी तर पाच वर्षांनी डॉक्टरांनीच बंद केली, त्यांना काहीच झालं नाही. आईंची मात्र चार दिवस पाठ दुखतेय, पाण्याची बादली उचलली तेव्हापासून.

उत्तर: ताई, आधी पाठीचं बघा. याच आठवड्यात मणक्याचा एक्सरे काढून घ्या, बाजूने घेतलेला हवाच. तोवर मालीश नको, वाकणं नको, बादली तर अजिबात नको. मणका दबायला पडावंच लागतं असं नाही, वाकून काही उचललं तरी दबतो, आणि घरचे म्हणतात वयाचं दुखणं आहे. साडी नेहमीसारखीच नेसूनही खाली लोळायला लागली असेल तर उंची कमी झाली असू शकते, तेही डॉक्टरांना सांगा.

काकूंची गोळी बहुतेक अ‍ॅलेंड्रोनेटची असणार. ती हाडात मुरते, बंद केल्यावरही काही वर्षं थोडं काम करत राहते, म्हणून तिला सुट्टी देता येते. डेनोसुमॅब हाडात साठत नाही. हाड पोखरणाऱ्या पेशींना ते फक्त अडवून धरतं, सहा महिने उलटले की त्या पेशी एकदम उसळतात, औषध सुरू करण्याआधी होत्या त्यापेक्षाही जोरात, आणि कमावलेली घनता वर्ष-दोन वर्षांत निघून जाते. शेवटच्या डोसनंतर साधारण सात महिने उलटले की मणके मोडायला लागल्याचं दिसलंय, कधी एकाच वेळी दोन-तीन, आणि आईंना आता आठ महिने झालेत. म्हणून रिपोर्ट सुधारला म्हणून हे इंजेक्शन नुसतं सोडून द्यायचं नसतं. तुम्हाला हे पहिल्या डोसच्या वेळीच कुणीतरी सांगायला हवं होतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

अजून वेळ गेलेली नाही. कॅल्शियम, व्हिटॅमिन डी आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासून घ्या, मग डॉक्टर एकतर तेच इंजेक्शन पुन्हा सुरू करतील किंवा काकूंच्या गोळीच्याच जातीच्या झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं सलाईन देतील, किडनी फारच कमजोर असेल तर ते सलाईन चालत नाही. त्याऐवजी काकूंसारखी गोळी दिली तर ती सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्यासोबत, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांनी ही झीज थांबत नाही, त्यावर विसंबू नका. कुणी टेरिपॅराटाइडची, म्हणजे नवं हाड बनवणाऱ्या औषधाची, रोजची सुई सुचवली तर डेनोसुमॅब नुकतंच सुटलंय हे आवर्जून सांगा, त्यानंतर लगेच ती एकटी दिली तर घनता आणखी घसरते.

या औषधावर दाढ काढली तर क्वचित जबड्याचं हाड नीट भरत नाही, म्हणून दाढ अजून काढायची असेल तर डेंटिस्ट आणि हाडांचे डॉक्टर दोघांना एकमेकांशी बोलायला लावा, डोस आणि दाढेची तारीख त्यांनाच मिळून ठरवू द्या. आणि आईंना दवाखान्यात रिक्षाने नेऊ नका, खड्ड्यातले धक्के पाठीला बसतात, गाडीने हळू न्या.