ठेव मोडण्याआधी करार लिहायला शिकू दे

ताई, नमस्कार.

तुमचा मुलगा महाराजा सयाजीराव विद्यापीठात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मित्रांची गाणी काढायला त्याला स्वतःचं लेबल, म्हणजे गाणी ध्वनिमुद्रित करून बाजारात आणणारी कंपनी, सुरू करायचंय आणि त्यासाठी आजोबांची ठेव मोडा म्हणून तो मागे लागलाय. मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्सचे दाखले देतो, म्हणून बडोद्याच्या दांडिया बाजारात तुमची झोप उडाली आहे.

दाखला उत्तम आहे, पण त्याने तो शेवटपर्यंत वाचावा. १९७८ मध्ये टोनी विल्सन आणि अ‍ॅलन इरॅस्मस यांनी सुरू केलेल्या या लेबलने जॉय डिव्हिजन, न्यू ऑर्डर असे बँड जगापुढे आणले. गाण्यांची मालकी कलाकारांचीच, हे त्यांचं तत्त्व. मला ते आजही फार मोलाचं वाटतं. पण बाकी व्यवहार बराचसा तोंडी. त्यात लेबलचा नाइटक्लब तोट्यात, कार्यालयाची नवी इमारत महागडी, रेकॉर्डिंगचे खर्च हाताबाहेर. १९९२ मध्ये लंडन रेकॉर्ड्स ही दुसरी कंपनी फॅक्टरीला विकत घ्यायला आली, तेव्हा कळलं की विकण्याजोगे हक्क कंपनीकडे जवळपास नाहीतच. बोलणी फिसकटली आणि त्याच नोव्हेंबरात दिवाळं निघालं.

कलाकाराला न्याय आणि कागदावर सही, दोन्ही एकत्र जमतं. मालकी गायकाकडेच ठेवून लेबलने ठरावीक वर्षांचा परवाना घ्यायचा. आपल्या कॉपीराइट कायद्यात हक्क लेखी आणि सहीनिशीच हस्तांतरित होतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षं टिकतो. एवढी वर्षं चालणारा हक्क मैत्रीच्या भरवशावर सोडू नये. पैसा आला की पहिली कुरबूर मित्रांतच होते.

म्हणून ठेवीला तूर्त हात लावू नका. एकाच मित्राचं एकच गाणं त्याने स्वतःच्या कमाईतून काढावं. आधी दोन पानी करार: खर्च कोणाचा, तो वसूल झाल्यावर वाटणी कशी, हिशेब कधी दाखवायचा, मुदत संपल्यावर काय. गीतकार आणि संगीतकार वेगळे असतील तर त्यांच्याही सह्या. बी.कॉम.चा मुलगा आहे, हिशेबाची वही त्याला जड जाणार नाही. कायद्याची गोडी लागली तर पदवीनंतर तीन वर्षांचं एलएल.बी. आहेच, संगीताचे हक्क समजणारा वकील प्रत्येक कलाकाराला हवा असतो.

कराराचा मसुदा झाला की मला पाठवायला सांगा, मी ओळ न् ओळ वाचेन.