वाचकांचे प्रश्न : घानातला ‘मोमो’ आणि सोलापूरचा टॉवेल

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. माझा मुलगा घानाची राजधानी आक्रा येथे एका कापड व्यापाऱ्याकडे दोन वर्षांसाठी नोकरीस जात आहे. तेथील एक गिऱ्हाईक आमच्या मालाची आगाऊ रक्कम ‘मोमो’ने, म्हणजे मुलाच्या मोबाइल क्रमांकावर देतो म्हणते. हे आपल्या यूपीआयसारखेच असते का? शिवाय आमचे एक नातेवाईक सांगतात की तेथे एअरटेल आहे, तेव्हा येथलेच सिम चालून जाईल. हे खरे का?
— एक यंत्रमागधारक, सोलापूर

उत्तर : आधी सिमचा विषय संपवू, कारण तो सोपा आहे. भारती एअरटेलने २०१० मध्ये झेन या कंपनीचा आफ्रिकेतील बहुतेक व्यवसाय विकत घेतला आणि त्यात घानाही होता. पुढे २०१७ मध्ये तेथील एअरटेल आणि टिगो या कंपन्या एकत्र झाल्या, तरी गाडे रुळावर येईना. अखेर २०२१ मध्ये ती कंपनी घाना सरकारनेच ताब्यात घेतली आणि पुढे तिचे नाव ‘एटी’ झाले. नायजेरियात मात्र एअरटेल अजून आहे. आपल्या नातेवाइकांच्या मनात बहुधा तेच असावे. व्होडाफोननेही २००८ मध्ये सरकारी घाना टेलिकॉमचा ७० टक्के हिस्सा घेतला होता, तो २०२३ मध्ये टेलिसेलला विकून तिने काढता पाय घेतला. या सगळ्या उलथापालथीत एमटीएन ही मोबाइल कंपनी जागची हलली नाही, उलट इतकी वाढली की २०२० मध्ये तेथील दूरसंचार नियामकाने तिला बाजारावर वर्चस्व असलेली कंपनी ठरवले. चिरंजीवांनी उतरल्यावर स्थानिक सिमच घ्यावे. नोंदणीला सुरुवातीस पासपोर्ट लागेल. दीर्घ मुक्कामासाठी परदेशी नागरिकांचे ‘घाना कार्ड’ काढावे लागते, ते काढण्यात आळस करू नये.

आता मोमो. सात रस्त्यावर गाडीवर वाफाळतात ते नव्हेत. ‘मोबाइल मनी’चे हे तेथील घरगुती नाव आहे. यूपीआयशी त्याचे साम्य वरवरचे आहे. यूपीआयमध्ये पैसा एका बँक खात्यातून दुसऱ्या बँक खात्यात जातो आणि फोन हे केवळ साधन असते. मोमोला बँक खाते लागतच नाही. मोबाइल क्रमांक हेच खाते आणि ते उघडते मोबाइल कंपनी. एमटीएनने २००९ मध्ये घानात ही सेवा सुरू केली तेव्हा फोन पुष्कळांच्या हाती आला होता, पण बँकेची पायरी चढलेले लोक त्या मानाने फार थोडे होते. ग्राहकांची ही रक्कम कंपनीला धंद्यात वापरता येत नाही. तेवढाच पैसा तिला बँकांत वेगळा ठेवावा लागतो आणि त्यावरील व्याजाचा किमान ८० टक्के भाग ग्राहकांना द्यावा लागतो, असा नियम घानाच्या मध्यवर्ती बँकेने २०१५ मध्ये केला. आपल्याकडच्या मोबाइलवरील डिजिटल बटव्यांना जे जमले नाही ते तेथे झाले, असे माझे मत आहे.

घानातील तेमा बंदरात कामानिमित्त राहत असताना माझ्या गल्लीच्या तोंडाशी मोमोची एजंट असलेली एक बाई पिवळ्या छत्रीखाली लाकडी खोके मांडून बसत असत. त्याच माझी बँक होत्या. पैसे काढायचे तर आधी आपल्या फोनवर *१७०# फिरवायचे, यादीतून रोख काढण्यास संमती द्यायची, मग बाई त्यांच्या फोनवरून रक्कम टाकत, आपल्या फोनवर संदेश उमटे आणि आपण पिन दाबला की व्यवहार पुरा. याला साधा बटणांचा फोन पुरतो आणि इंटरनेट लागत नाही. बाई ओळखपत्र पाहून क्रमांक आणि रक्कम वहीत लिहून घेत आणि त्यानंतरच नोटा मोजत. महिनाअखेरीस गर्दी झाली की ‘रोकड संपली, दुपारनंतर या’ हेही ऐकावे लागे, कारण त्यांच्याकडे सकाळी येईल तेवढेच भांडवल असे. या खोक्याला मागासलेपण समजू नये. सारी व्यवस्था त्याच्यावरच उभी आहे.

यूपीआयची सवय असलेल्या माणसाला खटकते ते शुल्क. पैसे पाठवताना आणि रोख काढताना कंपनी आपला वाटा घेते. शिवाय पाठवलेल्या रकमेवर सरकारने १ मे २०२२ पासून दीड टक्का कर बसवला, दिवसाला १०० सेडीपर्यंतची (सेडी हे घानाचे चलन) रक्कम तेवढी वगळली. लोक इतके चिडले की अनेकांनी पुन्हा रोखीचा आधार घेतला. २०२३ मध्ये तो एक टक्क्यावर आला आणि २०२५ मध्ये रद्द झाला. एका कंपनीच्या मोमोतून दुसरीच्या मोमोत थेट पैसे पाठवण्याची सोय २०१८ पासून आहे. म्हणून सिम कोणतेही घेतले तरी व्यवहार अडत नाही. फक्त एमटीएनचे खोके पावलोपावली सापडते. एक सावधगिरी बाळगावी : ‘चुकून तुमच्याकडे पैसे आले, परत पाठवा’ असा फोन आला तर आधी आपली शिल्लक पाहावी, केवळ आलेल्या संदेशावर विसंबू नये.

राहिली आगाऊ रक्कम. येथे माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. मोमोवर आलेला पैसा मुलाच्या नावावर, सेडीमध्ये आणि घानातच राहील. त्यावर शिल्लक आणि रोजच्या व्यवहाराची मर्यादाही असते. आपल्या निर्यातीची रक्कम मात्र कारखान्याच्या खात्यात, परकीय चलनाचा परवाना असलेल्या बँकेमार्फत यावी लागते आणि तिचा मेळ शिपिंग बिलाशी, म्हणजे माल निर्यात करताना सीमाशुल्क खात्याकडे भरलेल्या कागदाशी, घालावा लागतो. तो मेळ बसला नाही तर माल गेला, पैसाही मिळाला, पण कागदावर वसुली बाकीच राहिली, अशी स्थिती होते आणि खुलासे देत बसावे लागते. तेव्हा प्रोफॉर्मा बीजक पाठवताना त्यावरच आपल्या बँकेचे नाव, खाते क्रमांक आणि स्विफ्ट कोड छापावा, आणि मालाच्या गाठी बांधण्याआधी रक्कम जमा झाल्याची बँकेकडून खात्री करून घ्यावी. मुलाचा मोमो क्रमांक त्याच्या घरभाड्यासाठी आणि भाजीपाल्यासाठी पुरे आहे.