अठरा हजारांचं कॅप्चर कार्ड हप्त्यावर घ्यावं का?

सांगलीच्या एका वाचकाचा प्रश्न: वय २४, हातात पगार २६,०००. घरी ८,००० देतो, दुचाकीचा हप्ता ३,४००, प्रवास-मोबाइल-वरखर्च ७,५००, आरडी २,०००. बचत खात्यात ४२,००० आहेत. मामांनी दिलेला पीएस५ (सोनीचा प्लेस्टेशन ५ हा गेम कन्सोल) आहे, टीव्ही फुल एचडी, लॅपटॉप आय५, ८ जीबी रॅमचा. यूट्यूबवर मराठीतून गेम स्ट्रीम करायचे आहेत. त्यासाठी एल्गाटो कंपनीचं एचडी६० एक्स हे कॅप्चर कार्ड (कन्सोलवरचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारं उपकरण) १८,००० ला दिसतंय, सहा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर. मित्र म्हणतो ८०० रुपयांचं डोंगल (छोटं, स्वस्त कॅप्चर कार्ड) घे, काम तेच. काय करू?

उत्तर: आत्ता दोन्ही घेऊ नका. पीएस५ च्या कंट्रोलरवर क्रिएट बटण आहे. त्यातल्या ब्रॉडकास्टमधून थेट यूट्यूबवर जाता येतं, तेही १०८०पी म्हणजे फुल एचडीमध्ये. लॅपटॉप लागत नाही, कार्ड लागत नाही. कंट्रोलरला लावलेल्या हेडसेटमधून तुमचं बोलणंही जातं. उणीव एवढीच की स्वतःचा लोगो, आवडीची मांडणी, मधूनच दुसरा व्हिडिओ दाखवणं हे जमत नाही, आणि चेहरा दाखवायचा तर सोनीचा कॅमेरा लागतो. पहिले दोन-तीन महिने यातलं काहीच अडत नाही. चॅनेलवर लाइव्हची परवानगी मात्र आजच मागून ठेवा, पहिल्यांदा ती सुरू व्हायला २४ तास लागू शकतात.

आता पैशांचं. तुमच्याच आकड्यांनी महिन्याला ५,१०० उरतात. हप्ता ३,००० चा, म्हणजे वरकरणी झेपतो. पण ४२,००० ही तुमच्या सव्वादोन महिन्यांच्या खर्चाची रक्कम आहे, आणि माझ्या हिशेबाने ती निदान चार महिन्यांची हवी. हप्ता चालू असताना ती वाढायची थांबते. शिवाय ‘नो-कॉस्ट’ म्हणजे फुकट नव्हे. बँक व्याज लावते, विक्रेता तेवढी सूट देतो, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच माथी येतो. १६ टक्के दराने तो दीडशेच्या आसपास होतो, वर प्रोसेसिंग फी. रक्कम किरकोळ आहे, मान्य. खरा तोटा वेगळाच: रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट बऱ्याचदा हप्त्यावर मिळत नाही, हे घेण्याआधी तपासा.

‘स्ट्रीममधून कार्डाचे पैसे सुटतील’ असं तुम्ही लिहिलेलं नाही, पण मनात असणार. तो हिशेब मांडूनच टाकू. जाहिरातींच्या उत्पन्नासाठी १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहिलं जाणं लागतं (शॉर्ट्सचा रस्ता वेगळा आहे). आठवड्याला तीन स्ट्रीम, प्रत्येकी तीन तास, सरासरी पाच जण बघताहेत असं धरा. एका स्ट्रीमचे १५ तास, वर्षाचे २,३४०. म्हणजे या वेगाने ४,००० कधीच गाठले जात नाहीत, कारण जुने तास मागून गळत जातात. सरासरी वीस जण असतील तर पाच-सव्वापाच महिन्यांत जमतं. पाचाचे वीस करायला कार्ड उपयोगी पडत नाही. तिथे ठरलेली वेळ पाळणं आणि तुमचं बोलणं कामाला येतं. म्हणून पहिला खर्च करायचाच तर हजार-दीड हजारांच्या साध्या यूएसबी माइकवर करा, तोही कन्सोलवर चालतो याची खात्री करून. चित्र थोडं धूसर असलं तरी लोक बघतात, आवाज घरघरला की निघून जातात.

मित्राच्या डोंगलबद्दल. अशा डोंगलवर ठसठशीत ‘४के’ लिहिलेलं असतं, पण ते आत येणाऱ्या सिग्नलबद्दल असतं. लॅपटॉपकडे जातं ते बहुधा १०८०पी, तेही सेकंदाला ३० फ्रेम. कारण सरळ आहे. अशी डोंगलं बहुधा यूएसबी २.० वर चालतात. त्याची क्षमता ४८० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट), तर ६० फ्रेमच्या कच्च्या १०८०पी चित्राला जवळपास २,००० लागतात. मग चित्र दाबून पाठवलं जातं. त्याहून मोठी अडचण म्हणजे त्यातल्या बहुतेकांना टीव्हीकडे जाणारी दुसरी वायर लावायची सोय नसते. मग लॅपटॉपच्या पडद्यावर, विलंबाने खेळावं लागतं. फुटबॉलच्या गेममध्ये ते अशक्यच. त्यावर एचडीएमआय स्प्लिटर (एकच सिग्नल दोन पडद्यांना देणारा) घ्या, मग आणखी एक केबल, असं करत ८०० चे दोन हजार होतात.

आणि १८,००० वालं? ते चांगलंच आहे, पण तुमच्या टीव्हीला नाही. त्याचे ४के चे गुण फुल एचडी टीव्हीवर वाया जातात. यूट्यूबला तुम्ही फार तर १०८०पी च पाठवणार, तेही साधारण ६ एमबीपीएस ने. त्यात तासाला पावणेतीन जीबी अपलोड होतो, तेव्हा ब्रॉडबँडचा अपलोड वेग आणि डेटाची मर्यादा आधी बघा.

तीन महिने आठवड्याला दोन तरी स्ट्रीम झाले, तर यूएसबी ३.० चं, १०८०पी ६० फ्रेम घेणारं आणि पासथ्रू (टीव्हीकडे जाणारी दुसरी वायर लावायची सोय) असलेलं कार्ड घ्या. ५,००० ते ७,००० पर्यंत मिळावं. दर महिन्याला २,००० बाजूला काढा, म्हणजे रोखीने येईल आणि ४२,००० ना हात लागणार नाही. उरलेले ३,१०० त्याच खात्यात जमू द्या. लॅपटॉपची रॅम ८ जीबी आहे, ओबीएस (स्ट्रीम करायचं सॉफ्टवेअर), ब्राउझर आणि चॅट एकत्र उघडून बघा. धापा टाकत असेल तर आधी रॅम, मग कार्ड.

कार्ड आलं की पीएस५ च्या सेटिंगमध्ये सिस्टम, एचडीएमआय इथे जाऊन एचडीसीपी (चित्राची नक्कल रोखणारं कुलूप) बंद करा, नाहीतर पडदा काळाच दिसेल आणि तुम्ही चांगलं कार्ड खराब समजून परत पाठवाल. ते बंद असताना नेटफ्लिक्ससारखी अ‍ॅप चालणार नाहीत, एवढं घरच्यांना सांगून ठेवा.