पाकीट फुगलं, खावं की टाकावं?

प्रश्न : तयार इडली-डोशाच्या पिठाचं पाकीट घरी आणलं की दुसऱ्या दिवशी फुगतं. ते खराब झालं असं समजायचं का? आणि त्याच पिठाच्या इडल्या कधी हलक्या होतात, कधी अगदी दडस. असं का? (वाचक, नाशिक)

उत्तर : हे पीठ फुगलं म्हणून खराब नाही. आंबवणारे जिवाणू फ्रिजमध्येही सावकाश काम करत राहतात. ते आंबटपणा वाढवतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. म्हणून काही पाकिटांना हा वायू जाण्यासाठी बारीक छिद्र ठेवलेलं असतं. पाकीट आडवं ठेवलं की पीठ त्या छिद्रात अडकतं. उभं ठेवा.

इडल्या दडस होण्याचं मूळ बहुतेक वेळा थंडाव्यात असतं. पीठ ४-५ अंशांवर राहायला हवं. दुकानाचा फ्रिज रात्री बंद राहिला, किंवा पाकीट पिशवीत घालून तुम्ही तासभर मंडईत फिरलात, तर पीठ घरी पोचण्याआधीच जास्त आंबतं. मग उडदाचा जो चिकट फेस हवा धरून ठेवतो तो सैल पडतो आणि हवा निसटते. पाकीट खरेदीच्या अगदी शेवटी उचला. घरी फ्रिजच्या दारात न ठेवता आत मागच्या बाजूला ठेवा.

लागेल तेवढंच पीठ भांड्यात काढा, सगळं पाकीट ढवळू नका. काढलेलं पीठ २० मिनिटं बाहेर राहू द्या. घटकांच्या यादीत मीठ नसेल तर अर्धा किलोला सपाट एक छोटा चमचा पुरतं. पाण्याला उकळी आल्यावरच इडलीपात्र ठेवा, १० ते १२ मिनिटं वाफवा आणि गॅस बंद केल्यावर ५ मिनिटांनी इडल्या काढा. आंबट पीठ सोड्याने सावरायला जाऊ नका. सोडा जरासा जास्त पडला की पिवळट रंग आणि साबणासारखी चव येते. त्यापेक्षा कांदा घालून आप्पे किंवा उत्तप्पे करा. गुलाबी, हिरवे, काळे ठिपके किंवा कुजकट वास असेल तर मात्र वरचा थर काढून वापरू नका, सगळंच टाका.

प्रश्न : मुलगा शिकायला जर्मनीला आहे. विकतच्या पालक पनीरच्या पाकिटावर 'प्रिझर्व्हेटिव्ह नाही' असं लिहिलेलं असतं, तरी ते वर्षभर टिकतं. मग घरची मटकीची उसळ व्हॅक्यूम पॅक करून दिली तर टिकेल का? (वाचक, पुणे)

उत्तर : नाही, कृपया देऊ नका. विकतचा पदार्थ हवा काढल्यामुळे टिकत नाही. तो ॲल्युमिनियमचा थर असलेल्या पाकिटात आधी सीलबंद करतात, आणि मग दाबाखाली सुमारे १२१ अंशांपर्यंत तापवतात. बोट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा करणाऱ्या जिवाणूंचे बीजाणू (म्हणजे त्यांचं कवचबंद, सुप्त रूप) १०० अंशांच्या उकळीत मरत नाहीत, म्हणून हा खटाटोप. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने सैनिकांच्या शिध्यासाठी या तंत्रावर मोठं काम केलं, आणि तिथून ते खाजगी कंपन्यांकडे आलं.

कुकरमध्ये उसळ शिजवली तरी पाकिटात भरताना डाव, हात, हवा सगळं लागतंच. वर हवा काढून टाकली की हे बीजाणू वाढायला हवी तशीच जागा तयार होते, कारण त्यांना प्राणवायू नकोच असतो. विष तयार झालं तरी वासाने किंवा चवीने कळेलच असं नाही. म्हणून शिजवलेल्या भाजीचं असं पाकीट फुगलेलं दिसलं, विकतचं असलं तरी, तर चाखूनही पाहू नका. इडलीच्या पिठाचा नियम इथे लावायचा नाही.

द्यायचंच तर कोरडं द्या : मेतकूट, भाजणी, शेंगदाण्याची चटणी किंवा घरचं उपम्याचं मिश्रण. २ वाट्या जाड रवा मंद आचेवर १२-१५ मिनिटं भाजा. ३ मोठे चमचे तेलात मोहरी, उडीदडाळ, हिंग, सुकी मिरची आणि कढीपत्ता परता. कढीपत्ता कुरकुरीत झालाच पाहिजे, कारण ओला राहिला तर तिथूनच बुरशी धरते. फोडणी, मीठ आणि साखर रव्यात मिसळा. पूर्ण गार झाल्यावरच भरा, नाहीतर आतली वाफ पाणी होऊन गुठळ्या होतात. तिकडे १ वाटी मिश्रणाला अडीच वाट्या उकळतं पाणी घालायचं, २ मिनिटं मंद आचेवर ढवळायचं आणि ५ मिनिटं झाकून ठेवायचं.

प्रश्न : आई-वडिलांना रक्तदाब आहे. तयार डाळीच्या पाकिटावरून मीठ कसं ओळखायचं? (वाचक, ठाणे)

उत्तर : सोडियमचा आकडा अडीचने गुणा, तेवढं मीठ. पण तो आकडा किती ग्रॅमसाठी आहे ते आधी पाहा, बहुतेक जण इथेच फसतात. समजा १०० ग्रॅममध्ये ४०० मिलिग्रॅम सोडियम आहे आणि पाकीट ३०० ग्रॅमचं आहे. म्हणजे पाकिटात १,२०० मिलिग्रॅम सोडियम, अर्थात ३ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमच्या आत आहे. अशा पाकिटात एक वाटी बिनमिठाची शिजवलेली तूरडाळ मिसळा, चौघांना वाढा, आणि त्या जेवणात पापड-लोणचं ठेवू नका.